ल्युसिन झिपरला चेन म्हणावं का?

अनुवादिनी
डीएनएला धरून जनुकं चालू-बंद करणाऱ्या प्रथिनांवरचा लेख मराठीत आणतेय. त्यात 'ल्युसिन झिपर' आलं. दर सातवं अमिनो आम्ल ल्युसिन, आणि अशा दोन पट्ट्या एकमेकींना चिकटतात. झिपरला आपण चेनच म्हणतो, म्हणून 'ल्युसिनची चेन' लिहिलं. तपासणाऱ्या सरांचा लाल शेरा: 'शृंखला?' शेजारच्याच वाक्यात 'अमिनो आम्लांची साखळी' होती, त्यामुळे त्यांना तरी काय बोलणार! दुसरा शब्द आहे का?

काजबटण
चेनच ठेवा. साखळी गळ्यात, चेन पँटला. गोंधळ कसला?

तिरकस
आणि गळ्यातली सोन्याची चेन?

शुद्धमती
'दंतबंध' चांगला आहे.

तिरकस
काकू, त्यावर लोक दाताच्या तारांचा खर्च विचारतील.

दोनपेडी
झिपर हे नावच फसलेलं आहे. १९८८ साली लँडशुल्ट्झ, जॉन्सन आणि मॅकनाइट यांनी ते दिलं, तेव्हा वाटलं होतं की ल्युसिनं चेनच्या दातांसारखी एकाआड एक अडकत असतील. १९९१ मध्ये यीस्टमधल्या जीसीएन४ प्रथिनाच्या झिपरची स्फटिकरचना आली, तर ल्युसिनं जोडीजोडीनं शेजारी निघाली आणि दोन्ही सर्पिल पट्ट्या एकमेकींभोवती वळलेल्या. म्हणजे दोन पेडांचा दोर. मी 'ल्युसिन-पीळ' म्हणेन. आणि डीएनएला हा पीळ धरतच नाही. त्याच्या टोकाशी दोन पाय फाकलेले असतात, ते धरतात, सांडशीनं पातेलं धरावं तसे.

तिरकस
सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात.

दोनपेडी
हा जातो. तापवलं की पेड सुटे.

शुद्धमती
मूळ नाव चुकलं म्हणून अनुवादकानं ते दुरुस्त करायचं? हा आगाऊपणा झाला. आणि सुधारायचंच असेल तर ल्युसिन तरी का ठेवता? ग्रीक 'ल्यूकोस' म्हणजे पांढरा, आपल्या 'रुच्' धातूचा भाऊबंद. 'श्वेतिन' म्हणा.

अनुवादिनी
श्वेतिन लिहिलं तर सर मला घरी बसवतील. पुढच्या पानावर 'झिंक फिंगर' आहे, तिथे मी 'जस्ताचं बोट' लिहून बसलेय.

काजबटण
नवसाला चांदीचे डोळे वाहतात तसं वाटतंय.

दोनपेडी
बोट प्रथिनाचंच. जस्ताचा अणू आत बसून घडी धरून ठेवतो, एवढंच. 'जस्त-बोट' चालेल.

काजबटण
चेनबद्दल माझं मत बदललं. आमचं शिवणकामाचं दुकान होतं. वडील म्हणायचे, रनर नसेल तर ती चेन नव्हे, नुसत्या दोन पट्ट्या. तुमच्या प्रथिनात रनर आहे का?

दोनपेडी
नाही. पट्ट्या आपापल्या जुळतात.

काजबटण
मग चेन नाहीच.

शुद्धमती
'रनर'ला मराठी काय?

तिरकस
ते नंतर. माझ्या जर्किनचा रनर निघालाय, पट्ट्या शाबूत आहेत. नुसता रनर मिळतो का?

काजबटण
मिळतो. चेन पाच नंबरची आहे का ते आधी बघा.