घरखर्चाचा हिशेब आटोपशीर कसा ठेवावा?

सदाफुली
आम्ही डोंबिवलीत राहतो. घरात आम्ही दोघे नोकरदार, शाळेत जाणारी मुलगी आणि निवृत्तिवेतन घेणाऱ्या सासूबाई आहोत. दोघांची पगाराची खाती, गृहकर्जाच्या हप्त्यासाठी उघडलेले तिसरे खाते, दोन क्रेडिट कार्डे आणि दोघांच्या फोनवर मिळून चार यूपीआय अ‍ॅप असा आमचा पसारा आहे. रोज रात्री मी सगळा खर्च संगणकावरील तक्त्यात भरते. किराणा, भाजी, दूध, औषधे, रिक्षा, रेल्वेचा पास असे तीसहून अधिक रकाने झाले आहेत आणि तरीही महिनाअखेरीस तक्त्यातील बेरीज बँकेतील शिलकीशी जुळत नाही. हिशेब सोडून द्यायचा नाही, कारण मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी दरमहा ठरावीक रक्कम बाजूला पडलीच पाहिजे. मात्र त्यासाठी इतक्या बारीक नोंदी खरोखर लागतात का, आणि कमी करायच्या तर कोणत्या?

रोजकीर्द
प्रत्येक रकान्यापाशी थांबून पाहावे, की या आकड्यावरून गेल्या वर्षभरात आपण काही ठरवले का. कोथिंबीर आणि टोमॅटो यांवर किती गेले हे कळूनही भाजी तेवढीच येणार असेल, तर तो रकाना काढून टाकावा. प्राप्तिकराच्या विवरणपत्रासाठी म्हणून काही नोंदी ठेवत असाल, तर बँकेचे व्याज, लाभांश, समभागांचे व्यवहार यांची बरीचशी माहिती आता प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावरील वार्षिक माहिती विवरणात मिळते. ती वर्षातून एकदा आपल्या कागदांशी ताडून पाहिली की पुरते.

माझ्या मते नोंदींची संख्या कमी करण्यापेक्षा पैशाच्या वाटा कमी करणे अधिक महत्त्वाचे आहे. पगार जमा झाला की त्याच दिवशी मुलीच्या आवर्ती ठेवीची रक्कम बँकेला दिलेल्या स्थायी सूचनेनुसार आपोआप वळती व्हावी, गृहकर्जाचा हप्ता आहे तसाच चालू राहावा आणि त्यानंतर दोघांनी आपापल्या पगारातून ठरलेला वाटा घरखर्चाच्या एकाच संयुक्त खात्यात भरावा. वीजबिल, सोसायटीचे देखभाल शुल्क, वाणसामान, दूध हे सारे याच खात्यातून जावे आणि दोघांच्या फोनवरील यूपीआय याच एका खात्याला जोडलेले असावे. समजा, 1 तारखेला 45,000 रुपये भरले आणि 15 तारखेला 16,000 उरले आहेत, तर पुढचा पंधरवडा बेताने घ्यायचा आहे हे एकही नोंद न करता दोघांनाही दिसते. तुम्हाला हवी असलेली बचत तर आधीच बाजूला पडलेली असते.

गोदाकाठ
बेरीज न जुळण्यामागचे कारण बहुधा वेगळे आहे. कार्डाने वाणसामान घेतले त्या दिवशी एकदा आणि कार्डाचे बिल भरले तेव्हा पुन्हा एकदा, असा तोच खर्च दोनदा लिहिला जातो. बिल भरणे हा खर्च नसून देणे फेडणे आहे, आणि एटीएममधून काढलेली रोकड ही केवळ खात्यातून पाकिटात गेलेली रक्कम आहे. दोनपैकी एक कार्ड बंद केले, तर हा गोंधळ निम्मा होईल.

चहा, रिक्षा, वडापाव अशा किरकोळ खर्चासाठी यूपीआय लाइट वापरून पाहावे. त्यात एका वेळी 5,000 रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि 1,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार पिनशिवाय होतो. बँकेच्या पासबुकात फक्त भरलेली रक्कम दिसते, त्यामुळे वीस-पंचवीस ओळींऐवजी एकच ओळ राहते. पिन लागत नसल्यामुळे फोनला कुलूप मात्र असलेच पाहिजे.

पारिजात
वरील दोन्ही उत्तरे पटली, परंतु महिन्याचा हिशेब कोलमडतो तो भाजीने नव्हे, तर वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांनी. त्यांची तारीखवार यादी एका कागदावर करावी. उदाहरणादाखल, शाळेचे शुल्क 54,000, आरोग्यविमा 28,000, दिवाळी आणि पाहुणचार 21,000, मालमत्ता कर 9,000, वाहनाचा विमा आणि दुरुस्ती 8,000 धरले, तर एकूण 1,20,000 होतात. याचा अर्थ दरमहा 10,000 रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकत राहिले, की जूनमध्ये शाळेसाठी किंवा दिवाळीच्या तोंडावर मुलीची ठेव मोडण्याची वेळ येत नाही.

आणखी एक सांगणे आवश्यक वाटते. सुटसुटीतपणाच्या नावाखाली सगळी पुंजी एकाच बँकेत नेऊ नये. ठेव विम्याचे संरक्षण एका बँकेत एका ठेवीदाराला मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंतच आहे. सप्टेंबर 2019 मध्ये पंजाब अँड महाराष्ट्र सहकारी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा सुरुवातीला ठेवीदारांना फक्त 1,000 रुपये काढता येत होते. रोजच्या व्यवहाराचे खाते एक असावे, ठेवी मात्र दोन बँकांत असाव्यात.

सदाफुली
सर्वांचे मनापासून आभार. कार्डाचे बिल मी खरोखरच खर्चात धरत होते, त्यामुळे ते कोडे सुटले. आता तक्त्यात घरखर्च, औषधोपचार आणि वार्षिक खर्च एवढेच तीन रकाने ठेवण्याचा विचार आहे. सासूबाईंचे निवृत्तिवेतन या संयुक्त खात्यात आणावे का?

रोजकीर्द
आणू नये. त्यांचे खाते त्यांच्याच नावे आणि त्यांच्याच हाती राहू द्यावे. त्यांना घरात काही द्यायचे असेल, तर त्यांनी ठरवलेली रक्कम दरमहा वळती करावी. त्या खात्याला नामनिर्देशन झाले आहे ना, आणि नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला वेळेवर दिला जातो ना, एवढे मात्र आपण पाहावे. औषधोपचाराचा रकाना ठेवण्याचे अगदी योग्य ठरवले आहे, पण त्याबरोबर मूळ बिलेही एका पाकिटात जपून ठेवावीत, कारण विम्याच्या दाव्याच्या वेळी तक्ता नव्हे, बिले मागितली जातात.