‘अकस्मात मृत्यू’ लिहू की ‘अचानक मृत्यू’?

शब्दवेडी
पोलीस प्रशिक्षणाची पुस्तिका मराठीत आणतेय. विषय : ताब्यातला माणूस एकाएकी दगावू नये म्हणून काय करायचं आणि दगावलाच तर तपास कसा करायचा. ‘सडन डेथ इन कस्टडी’साठी ‘कोठडीतील अकस्मात मृत्यू’ लिहिलं, तर तपासणाऱ्या साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. का?

निवृत्त फौजदार
रेघ बरोबर आहे, ताई. ठाण्यात ‘अकस्मात मृत्यू’ हे नोंदीचं नाव. गळफास, सर्पदंश, विहिरीत पडणं, सगळं ‘अमृ’ रजिस्टरला. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १७४, आता नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. ताब्यातला माणूस गेला की न्यायदंडाधिकाऱ्यांची चौकशी वेगळी लागते, कलम १९६ खाली. शिवाय २४ तासांत मानवाधिकार आयोगाला कळवायचं. नवी पोरं शीर्षक वाचून ‘अमृ दाखल केला, काम झालं’ असंच समजतील.

व्याकरणप्रेमी
मुळात ‘अकस्मात’ अव्यय आहे, विशेषण ‘आकस्मिक’. आणि अ + कस्मात् म्हणजे ‘कशामुळेही नाही’. ज्या मृत्यूचं कारण शोधायचं, त्यालाच निष्कारण म्हणायचं?

वैदर्भी
आमच्याकडे ‘मर्ग दाखल’ म्हणतात, पेपरातही तेच छापतात. मर्ग म्हणजे मृत्यू. शब्द फारसी, पण आपल्या ‘मृ’ धातूचाच भाऊबंद.

व्याकरणप्रेमी
संस्कृत शब्द असताना फारसी कशाला?

वैदर्भी
मग पंचनामा, फिर्याद, जामीन, हवालदारही काढून टाका. ठाण्यात बोलणार काय?

निवृत्त फौजदार
अहो, मला ‘कोठडी’च खटकते. माणूस गाडीत गेला, दवाखान्यात गेला, तरी तो ताब्यातलाच. ‘कोठडीतील’ लिहिलंत तर शिपायाला वाटेल, जबाबदारी गजाआडच सुरू होते. ‘ताब्यातील’ लिहा. आणखी एक ठळक लिहा. दारूचा वास येतोय, घोरतोय, म्हणून ‘झोपलाय’ अशी डायरीत नोंद करू नका. डोक्याला मार असला तरी माणूस तसाच घोरतो. हलवून उठवा, नाव विचारा. नीट बोलला तरच ‘ठीक’ लिहा, नाहीतर ताबडतोब दवाखाना.

शब्दवेडी
हे घेतेच. ‘पोझिशनल अ‍ॅस्फिक्सिया’ला ‘स्थितिजन्य श्वासावरोध’ चालेल?

डॉक्टर
शिपायाला नाही कळणार. ‘पालथं दाबून धरल्याने गुदमरणं’ लिहा. हात पाठीमागे बांधलेले, पाठीवर गुडघा, मग छाती फुलत नाही. ‘बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे’ हा समज जीवघेणा आहे. अमेरिकेत मिनियापोलिसला २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइड पोलिसाच्या गुडघ्याखाली ‘श्वास घेता येत नाही’ असं सांगत सांगतच गेला. बेड्या पडल्या की लगेच कुशीवर वळवा किंवा बसवा. आणि मूळ पुस्तिकेत ‘एक्सायटेड डिलिरियम’, म्हणजे माणूस बेभान होऊन त्यातच दगावला असं सांगणारं निदान, असेल तर ‘उत्तेजित उन्माद’ असं गोंडस नाव देऊन ते मृत्यूचं कारण म्हणून छापू नका. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून त्याला मनाई केली.

व्याकरणप्रेमी
‘गुदमरणं’ ही क्रिया झाली. कारणाच्या रकान्यात नाम हवं. ‘श्वासावरोध’च योग्य.

डॉक्टर
शवविच्छेदनाच्या अहवालात ठेवा की! पुस्तिका अहवालासाठी नाही, रात्रपाळीच्या शिपायासाठी आहे.

कोकणी माणूस
आमच्याकडे ‘उपडा’ म्हणतात. पालथं भांडं असतं, माणूस उपडा पडतो.

वैदर्भी
काहीतरीच! बाळ पालथं पडतं, तेव्हा काय म्हणता?

कोकणी माणूस
बाळही उपडंच. शब्दवेडीताई, दोन्ही शब्द छापा. भरती गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत सगळीकडची असते.