फ्लॅप म्हणजे केवळ ब्रेक नव्हेत
‘फ्लॅप, म्हणजे विमानाच्या पंखांच्या मागच्या कडेचे हलते भाग, हे हवेतले ब्रेक आहेत’ हे मत विमान उतरण्यापुरते अर्धे खरे आहे. पण त्यांचे काम तेवढेच असते, तर उड्डाणापूर्वी ते बाहेर काढण्याचे कारणच उरले नसते. त्यांचे मूळ काम लिफ्ट, म्हणजे विमानाला वर उचलणारे बल, कमी वेगातही पुरेसे मिळवून देणे हे आहे. पंखामागच्या खिडकीतून पाहिले, तर घरघर सुरू होताच फ्लॅप आधी मागे सरकतो, त्यामुळे पंखाचे क्षेत्रफळ वाढते, आणि मग तो अधिकाधिक खाली झुकून पंखाला बाक देतो. पंख आणि फ्लॅप यांच्यामधल्या फटीतून वर येणारी हवा फ्लॅपच्या पाठीवरचा प्रवाह सुटू देत नाही. मला ही फट साऱ्या रचनेतली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. थोड्या झुकावाने लिफ्ट बरीच वाढते आणि अवरोध, म्हणजे हवेचा मागे खेचणारा विरोध, त्या मानाने कमी, म्हणून बोइंग ७३७ बहुधा फ्लॅपच्या दांड्यावरील ५ च्या खुणेवर उड्डाण घेते, तर उतरताना ३० किंवा ४० ची खूण वापरते, कारण तेव्हा अवरोधही हवाच असतो.

उड्डाणाला फ्लॅप किती गरजेचे असतात हे दाखवणारी एक घटना मात्र सांगायलाच हवी. २० ऑगस्ट २००८ रोजी माद्रिदमध्ये स्पॅनएअर या विमान कंपनीचे एमडी-८२ विमान फ्लॅप व स्लॅट (पंखाच्या पुढच्या कडेचे तसेच हलते भाग) न काढताच धावपट्टीवर धावले, धोक्याचा इशाराही वाजला नाही, आणि उचलल्यावर काही क्षणांतच ते कोसळून १५४ जणांचा मृत्यू झाला.