दिव्यांग संस्थेचा वार्षिक अहवाल: आकड्यांपलीकडे काय लिहावं?

कळवेकर: आमची ठाण्यातली छोटी संस्था. व्हीलचेअर वाटप, यूडीआयडी (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) शिबिरं, घरभेटी एवढंच काम. अहवालात काय हवंच?

खाडीपलीकडचा: किती खुर्च्या वाटल्या यापेक्षा सहा महिन्यांनी किती वापरात आहेत ते लिहा. पडून असलेल्यांची कारणंही द्या: पुढच्या छोट्या चाकांच्या बेअरिंगमध्ये केस-धूळ, ब्रेक सैल, बैठक कमरेपेक्षा फार रुंद. चाळीत तर उंबराच आडवा येतो. ६ इंच उंचीला १:१२ उताराने ६ फूट रॅम्प लागतो, तेवढी जागा नसते. हे प्रामाणिकपणे मांडलंत, तर देणगीदार दुरुस्तीलाही पैसे देतील.

ऐरोलीकर: यूडीआयडीचे अर्ज आणि हाती आलेली कार्डं वेगळी मोजा. कार्डाचा रंगही नोंदवा: दिव्यांगत्व ४० टक्क्यांखाली असेल तर पांढरं, ४० ते ८० च्या आत पिवळं, पुढे निळं. बऱ्याच योजनांना किमान ४० टक्के लागतात.

वाशी_वाचक: आणि कृपा करून स्कॅन केलेली पीडीएफ टाकू नका! स्क्रीन रीडरला (अंधांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला) ते नुसतं चित्र. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टचंही वाचन निरर्थक होतं. युनिकोडमध्येच टाइप करा, फोटोंना वर्णन द्या.

कळवेकर: खुर्च्यांची फेरतपासणी याच महिन्यात लावतो.