मदत हवी आहे: घर आणि गिरणी, दोन्हींचा वादळाचा विमा कसा काढावा? (दारव्हा तालुका)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याजवळ एका खेड्यात राहतो. शेती आहे, आणि घराला लागूनच पिठाची गिरणी, मिरची कांडप अन् सरकी-ढेपेचं दुकान. भिंती विटांच्या, वर लोखंडी अँगल आणि टिना.

मागच्या मे महिन्यात संध्याकाळी वावधान आलं. दहा-पंधरा मिनिटांत गिरणीवरच्या अकरा टिना उडाल्या. एक टिन शेजारच्या वावरात बोरीच्या खोडाला कागदासारखं गुंडाळलेलं सापडलं. टिनांचं एवढं नाही, पण मागून जो पाऊस आला त्यात ढेपेची बावीस पोती भिजली आणि मोटरीत पाणी गेलं. दुसऱ्या दिवशी पोती उकलली तर आतून गरम वाफ आणि आंबूस वास. तीन दिवसांत बुरशी आली. जनावरांना कशी घालणार? सगळी उकिरड्यात टाकली.

तलाठी पंचनामा करून गेले. घराच्या अंशतः पडझडीचे 6,500 रुपये मिळाले, त्यात दुकानातला माल येत नाही. मग आठवलं की गिरणीच्या कर्जासोबत बँकेने विमा काढला होता. कागद पाहिला तर त्यात फक्त यंत्रं. शेडचं नाव नाही, मालाचं नाव नाही. पाच वर्षं हप्ता कटत होता. मोटरीच्या रिवाइंडिंगचे पैसे आले, बाकी घरातून गेले.

गावात म्हणतात, वादळाचा विमा समुद्राकाठच्यांनी काढावा. मला हे पटत नाही. इमारतींसाठी वाऱ्याचं जे भारतीय मानक आहे (आयएस 875), त्यात बांधकामासाठी धरायचा नागपूरचा वाऱ्याचा मूळ वेग मुंबईइतकाच आहे, सेकंदाला 44 मीटर. पुण्याचा 39. आणि एप्रिल 2023 मध्ये अकोला जिल्ह्यात पारसला मंदिराच्या टिनशेडवर कडुनिंब पडून सात माणसं गेली, ते आमच्याकडे कोणी विसरलेलं नाही.

तर विचारायचं हे, की घर आणि गिरणी एकाच पॉलिसीत बसते का? रक्कम किती धरायची? एजंट म्हणतो, "भाऊ, पाच लाखाचा काढा, हप्ता कमी बसते." ज्यांनी खरंच क्लेम घेतला आहे त्यांनी सांगावं.

श्रीवर्धनकर:
दादा, एजंटचं ऐकू नका. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा आमची पोफळीची वाडी आडवी झाली आणि पर्यटकांना देतो त्या खोल्यांची कौलं, वासे सगळं गेलं. हप्ता कमी बसावा म्हणून मी विमा 10 लाखांचा काढला होता. नुकसान मोजायला आलेल्या विम्याच्या सर्व्हेअरने बांधकामाची किंमत 20 लाख धरली. म्हणजे विमा निम्म्याचाच, म्हणून 3 लाखांच्या नुकसानीचे दीड लाखच धरले, त्यातूनही एक्सेस (प्रत्येक क्लेममध्ये आपण सोसायचा ठरलेला भाग) कापला. पाया पडून उपयोग झाला नाही, कारण अट पॉलिसीत छापलेली होती. आता दर मे महिन्यात मोबाइलवर सगळ्या घराचं चित्रण करून मुलीला पाठवून ठेवतो. फोन पाण्यात गेला तरी पुरावा राहतो.

निवृत्त सर्व्हेअर, अमरावती:
वादळाचा वेगळा विमा मागू नका. 1 एप्रिल 2021 पासून घरासाठी 'भारत गृह रक्षा' आणि 5 कोटींपर्यंत मालमत्ता असलेल्या धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' या ठरावीक पॉलिसी आहेत. वादळ, पूर, वीज, भूकंप त्यात मुळातच येतात. शब्द सगळ्या कंपन्यांचे सारखे, म्हणून तुलना हप्त्याची आणि सेवेची करा.

भाऊ, तुम्हाला दोन पॉलिसी लागतील. गृह रक्षा राहत्या घरासाठीच असते, गिरणी त्यात दडवली तर क्लेमच्या वेळी तेच आधी निघेल. घराची रक्कम म्हणजे आतलं क्षेत्रफळ गुणिले आजचा बांधकामाचा दर. जागेची किंमत धरायची नाही. ही माहिती खरी दिली तर श्रीवर्धनकरांसारखी कपात घराच्या पॉलिसीत आता होत नाही. घरातलं सामान इमारतीच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत, जास्तीत जास्त 10 लाख, आपोआप धरलं जातं. वादळानंतर सात दिवसांत त्यामुळेच चोरी झाली तर तीही.

गिरणीच्या पॉलिसीत मात्र रक्कम 15 टक्क्यांपर्यंत कमी पडली तरच चालवून घेतात. त्याहून कमी लिहिली तर श्रीवर्धनकरांसारखा फटका बसतो. शेड, यंत्रं आणि माल वेगवेगळे लिहून घ्या, आणि माल हंगामात जास्तीत जास्त जितका भरता तितका लिहा. व्होल्टेजने मोटर जळली तर ते वादळात येत नाही. गंजलेले हूक, सैल टिना पावसाळ्याआधी बदला आणि बिलं ठेवा. सर्व्हेअर आधी तेच पाहतो, मीही पाहत होतो.

धागाकर्ता:
दोघांचे मनापासून आभार. काल टेप घेऊन बसलो. घर आतून 720 चौरस फूट निघालं. मिस्त्री 1,600 चा दर सांगतो, म्हणजे 11 लाख 52 हजार. एजंटचे पाच लाख कुठे आणि हे कुठे! गिरणीची वेगळी पॉलिसी करतो, आणि बँकेच्या कागदावर शेड अन् माल चढवता येतो का तेही सोमवारी विचारतो.

एक राहिलं. बैलांचा कोठा घरापासून वीस पावलांवर आहे. भिंती मातीच्या, वर तुराट्या अन् ताडपत्री. सर्व्हेअर काका, असं छत विम्यात घेतात का, की आधी टिना टाकाव्या लागतील? कोणी असा कोठा घेतला असेल तर त्यांनीही लिहावं.