चर्चा: मुंबईतला वन्यजीवांचा अधिवास उपग्रहाच्या चित्रांवरून ठरवावा का?

गोरेगाव_पूर्व: आरे किंवा राष्ट्रीय उद्यानाच्या कडेला प्रकल्प आला की दरवेळी तोच वाद, इथे बिबट्या येतो की नाही? वाद मिटेपर्यंत कुंपण पडलेलं असतं. पालिकेने उपग्रहाच्या चित्रांवरून अख्ख्या शहराचा अधिवास-नकाशा करावा आणि विकास आराखड्याला जोडावा. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, दर पाच दिवसांनी, १० मीटरच्या पिक्सेलने, म्हणजे चित्रातला एक ठिपका जमिनीवर १० मीटर लांब-रुंद. झाडोऱ्याचे तुकडे कुठे जोडलेत, कुठे तुटलेत, लगेच कळतं. २००५ मध्ये उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीवर बंदी घालताना उपग्रहाच्या मदतीने नकाशे करायला लावले. भरावाविरुद्ध भांडताना आज तोच कागद उपयोगी पडतो.

पाड्यावरचा: माझा विरोध आहे. उपग्रहाला हिरवं दिसतं, जनावर दिसत नाही. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत एक हेक्टरवर १० टक्के झाडोरा असला की ते वनाच्छादन, मग ती आंब्याची बाग का असेना. उलट बिबट्या येतो तो भटक्या कुत्र्यांमागे, आणि कुत्री उकिरड्यामागे. रात्री चाळीमागच्या नाल्याच्या कडेने येतो आणि भिंत ढासळलीय तिथून पलीकडे जातो. हातभर रुंदीची ती वाट कुठल्या पिक्सेलात धरणार? नकाशात तिथे ‘बांधकाम’ लागेल आणि उद्या बिल्डर तोच नकाशा सुनावणीत ठेवेल, की बघा, इथे अधिवास नाही.

खाडीकाठ: ठाणे खाडीतही हा धोका आहे. सेंटिनेल-२ इथून सकाळी अकराच्या सुमारास जातो. तेव्हा भरती असली तर चिखल पाण्याखाली, आणि रोहित पक्षी तर ओहोटीच्या चिखलातच चरतात. एकाच तारखेचं चित्र घेतलंत तर त्यांची चरायची जागा नकाशात ‘पाणी’ होऊन बसते. पण म्हणून तंत्र टाकाऊ ठरत नाही. भरती-ओहोटीचं कोष्टक शेजारी ठेवून वर्षभराची चित्रं लावली की चिखलाची कड बऱ्यापैकी निघते. पावसाळ्यात ढग आडवे येतात, तेव्हा ढगांतूनही बघणारं सेंटिनेल-१ उपग्रहाचं रडार आहे.

गोरेगाव_पूर्व: @पाड्यावरचा, वाटेचं पटलं. त्यासाठी कॅमेरा ट्रॅपच हवेत, जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे. पण ते लावायचे कुठे, हे ठरवायला आधी नकाशा लागतोच ना? शिवाय अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांची चित्रं १९७२ पासूनची आहेत. ‘इथे कधी झाडी नव्हतीच’ म्हणणाऱ्याला दुसरं काय दाखवणार?

पाड्यावरचा: जुनी चित्रं जरूर दाखवा. पण नव्या नकाशात ‘अधिवास नाही’ असा रंगच नको, ‘अजून तपासलेलं नाही’ असं लिहा. आणि पाड्यावरची माणसं सोबत घेऊन जागेवर फिरल्याशिवाय तो आराखड्याला जोडू नका. आमचे भाजीचे वाफेसुद्धा वरून हिरवेच दिसतात. ते जंगलात धरले गेले तर उद्या अतिक्रमणाची नोटीस आमच्याच दारावर लागेल.