गोव्याच्या हवेत कार्ब्युरेटर हीट काढावी का?

गोव्यात थंडी नसल्याने घरी बांधलेल्या विमानातून केबिन हीट (केबिन गरम करणारी सोय) आणि कार्ब्युरेटर हीट (पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) दोन्ही काढून वजन वाचवावे, अशी एक सूचना आहे; ती मला अर्धीच पटते. केबिन हीट खुशाल काढावी. कार्ब्युरेटरमधला बर्फ मात्र बाहेरच्या थंडीपेक्षा हवेतल्या ओलाव्यावर पोसतो: व्हेंचुरीत, म्हणजे कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यात, दाब उतरतो, पेट्रोलची वाफ होते आणि या दोन्हींमुळे आतले तापमान ३० अंशांहूनही अधिक घसरू शकते. म्हणूनच श्रावणातल्या २७ अंशांच्या दमट सकाळी, उतरण्यासाठी थ्रॉटल (इंजिनची शक्ती ठरवणारी झडप) कमी केल्यावर, अर्धवट मिटलेल्या झडपेच्या कडेला बर्फ धरण्याचा धोका मोठा असतो. स्थिर पिचच्या (पात्यांचा कोन न बदलणाऱ्या) पंख्यावर आरपीएम (मिनिटाला फेरे) विनाकारण उतरू लागणे ही पहिली खूण. अशा वेळी कार्ब्युरेटर हीटचा दांडा पूर्ण ओढला की वितळलेले पाणी आत जाऊन इंजिन क्षणभर आणखी खडखडते आणि मग सावरते. नेमक्या त्या खडखडाटाला घाबरून दांडा परत ढकलू नये.

केबिन हीट ठेवायचीच असेल, तर एक्झॉस्टभोवतीच्या पत्र्याच्या वेष्टनाखालील नळी दर तपासणीत उघडून पाहावी, कारण तिथली बारीक चीरही कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये आणते. आणखी एक गोष्ट: बहुतेक रचनांत कार्ब्युरेटर हीटची हवा फिल्टरमधून येत नाही, त्यामुळे आपल्याकडच्या तांबड्या मातीच्या धावपट्टीवर चाचणीपुरतीच ती ओढून लगेच बंद करावी.